नाव खायचंय का फळ?



उन्हाळ्याच्या तोंडाला पुण्याहून दिवे घाट चढून सासवडकडे निघालात, की रस्त्याच्या कडेला अंजिराच्या टोपल्या दिसू लागतात. खाली खरखरीत हिरवी पानं, त्यावर जांभळट फळांच्या ओळी. गाड्या थांबतात, लोक किलो-दोन किलो घेतात, गाडीत बसायच्या आधीच दोन-चार खातात आणि मग कुणीतरी हमखास म्हणतं, "एक झाड आपल्या दारात पाहिजे!" त्याच उत्साहात परतीच्या वाटेवर एखादी रोपवाटिका लागते. तिथं रोपांना चिठ्ठ्या बांधलेल्या असतात. पुना, डायना, ब्राऊन टर्की, तुर्की, इस्रायली... नाव जितकं लांबचं, तितकी किंमत जास्त. आपण सगळ्यांत लांबचं नाव उचलतो.

हे मी दुसऱ्यांना हसण्यासाठी सांगत नाही. मी स्वतः तेच केलं आहे. तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवल्यानंतर केलं आहे. त्यामुळे "घरच्या बागेत कोणत्या जातीचं अंजीर लावू?" असं मला कुणी विचारलं, की माझं उत्तर लहान असतं, पण ते सापडायला मला नऊ वर्षं लागली. ती नऊ वर्षं तुमची वाचावीत, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू.

आमचे सासरे, अण्णा, मूळचे पुरंदर तालुक्यातले. गावाकडची जमीन भावकीत वाटली गेली आणि ते आमच्याकडे पुण्यात राहायला आले. घरामागे दहा बाय बारा फुटांची मोकळी जागा होती. २००९ साली ते ऐंशी वर्षांचे होते. म्हणाले, "इथं अंजीर लाव. गावच्या विहिरीवरच्या झाडाची काडी आणून देतो." मी म्हटलं, "अण्णा, काडी कशाला? आता चांगल्या चांगल्या जाती मिळतात." आणि एका रोपवाटिकेतून 'तुर्की' अशी चिठ्ठी असलेलं कमरेएवढं रोप आणलं. अण्णांनी चिठ्ठी पाहिली आणि विचारलं, "ह्याचं फळ खाल्लंयस का तू?" मी म्हटलं, "नाही, पण नावाजलेली जात आहे." ते म्हणाले, "नाव खायचंय का फळ?"

झाड जोमानं वाढलं. २०११ मध्ये पहिली फळं धरली. बोराएवढी झाली, पिवळी पडली, गळाली. मला वाटलं पाणी कमी पडलं. दुसऱ्या वर्षी पाणी वाढवलं, शेणखत घातलं. फळं आली, बोराएवढी झाली, गळाली. तिसऱ्या वर्षी पाणी कमी केलं, औषध फवारलं. चौथ्या वर्षी काहीच केलं नाही. निकाल तोच. अण्णा रोज सकाळी काठी टेकत झाडापाशी जायचे, खाली पडलेली फळं गोळा करून कोपऱ्यात लोटायचे. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

असं का झालं, ते समजायला अंजीर म्हणजे काय हे पाहायला हवं. आपल्याला ते समजणं सोपं आहे, कारण अंजिराचा सख्खा भाऊ आपल्या दारात उभा असतो: उंबर. बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या माणसाला आपण "उंबराचं फूल झालास की!" म्हणतो, कारण उंबराचं फूल कुणाला दिसत नाही. ते दिसत नाही, कारण ते फळाच्या आत असतं. उंबर काय किंवा अंजीर काय, आपण ज्याला फळ म्हणतो ती एक बंद पिशवी. शेकडो बारीक फुलं तिच्या आतल्या बाजूला लागलेली. बाहेरच्या जगाशी संबंध फक्त तळाच्या छोट्या छिद्रातून. या छिद्राला अंजिराचा डोळा म्हणतात. पिकलेलं उंबर फोडलं की आतून चिलटं उडतात, हे लहानपणी सगळ्यांनी पाहिलेलं असतं. ती त्याच डोळ्यातून आत शिरतात आणि परागकण पोचवतात. प्रत्येक जातीच्या झाडाचं चिलट वेगळं. उंबराचं चिलट अंजिराच्या कामाचं नाही.

आता अंजिराच्या शेकडो वाणांचे मुळात गट मोजके. एक 'साधं' अंजीर. याला परागीभवन लागतच नाही. चिलट येवो न येवो, फळ धरतं आणि पिकतं. दुसरा गट 'स्मर्ना'. याच्या फुलांपर्यंत परागकण पोचले तरच फळ टिकतं, नाहीतर लहानपणीच गळतं. तिसरा 'सॅन पेद्रो'. याचा जुन्या फांदीवरचा पहिला बहर आपोआप पिकतो, पण मुख्य बहराला परागकण लागतात. आणि चौथं 'कॅप्री', म्हणजे नर अंजीर. हे खाण्याच्या उपयोगाचं नाही, पण परागकण आणि चिलटं दोन्ही त्याच्यापाशी. स्मर्नाची बाग करायची तर कॅप्रीची झाडं आणि त्यातली चिलटं दोन्ही हवीत. महाराष्ट्रातल्या बागा साध्या गटातल्या आहेत. त्यांना या चिलटांची गरज नाही, आणि ती चिलटं इथं नाहीत.

माझ्या 'तुर्की' झाडाची सगळी लक्षणं स्मर्ना गटाची होती. बोराएवढी फळं गळणं हा त्याचा रोग नव्हता, स्वभाव होता. त्याला मी शंभर वर्षं पाणी घातलं असतं तरी त्यानं एक फळ दिलं नसतं.

हे कळल्यावर मी जे वाचलं, त्यानं थोडं समाधान झालं आणि थोडी लाजही वाटली. अगदी हीच चूक अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात १८८० च्या दशकात झाली होती. तुर्कस्तानातल्या स्मर्ना शहराची, म्हणजे आजच्या इझमिरची, सुकी अंजिरं जगात नावाजलेली. त्या झाडांच्या हजारो काड्या कॅलिफोर्नियात नेल्या गेल्या. झाडं वाढली आणि फळं गळाली. तुर्कस्तानातले शेतकरी नर अंजिराच्या फळांच्या माळा करून बागेतल्या झाडांना टांगत. ख्रिस्तपूर्व काळातल्या ग्रीक थिओफ्रास्टसनंही या रीतीबद्दल लिहून ठेवलेलं आहे. पण कॅलिफोर्नियातल्या अनेक बागाईतदारांना ती अडाणी शेतकऱ्यांची अंधश्रद्धा वाटली. गुस्ताव आयझेन आणि जॉर्ज रोडिंग यांनी हातानं परागकण आत घालून फळं पिकवून दाखवली, तेव्हा डोळे उघडले. चिलटं तिथं वसवायला १८९९ साल उजाडलं. फ्रेस्नोच्या बागेत ती रुजली आणि मग त्या अंजिराला कॅलिफोर्निया आणि स्मर्ना जोडून 'कॅलिमर्ना' असं नाव मिळालं. म्हणजे ज्यांना झाड माहीत होतं त्यांचं न ऐकल्यामुळे त्यांची वीस वर्षं गेली. माझी सहा गेली. मीही घरातल्या जाणत्या शेतकऱ्याचं ऐकलं नव्हतं.

तेव्हा पहिला नियम हा: रोप घेताना जात कोणती हे नंतर विचारा, आधी विचारा, हे साध्या गटातलं आहे का? आणि विकणाऱ्याला ते माहीत नसेल, तर त्या वाणाचं फळ लागलेलं झाड इथं कुठं पाहायला मिळेल, ते विचारा. इथं म्हणजे आपल्याच मुलखात. फळाचा फोटो हा पुरावा नव्हे.

याच ओघात दोन शंका मिटवून टाकते. बरेच जण विचारतात, अंजिरात किडा असतो का? आपल्या ताज्या पुरंदरी अंजिरात परागीभवनाचं चिलट नसतं, कारण त्याची गरजच नसते. त्यातलं बी दाताखाली कुरकुरतं, पण आतून पोकळ असतं. स्मर्ना गटाच्या सुक्या अंजिरात मात्र चिलट फुलोऱ्याच्या वेळी आत गेलेलं असतं. फळातला फायसिन नावाचा पाचक घटक त्याला बराचसा विरघळवून टाकतो. त्या अंजिराचं बी भरीव असतं, म्हणून त्याला दाण्यासारखी खमंग चव येते. दुसरी शंका: सुक्या अंजिराचं बी पेरलं तर? उगवतं, पण तशा रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि उरलेल्यांतल्या बहुतेकांना पुन्हा चिलटं लागतात. हौस म्हणून कुंडीत उगवून पाहा. फळाची आशा धरू नका. अंजीर लावायचं ते काडीपासून किंवा गुटीपासून.

आता कोणत्या वाणांतून निवड करायची ते पाहू. जगात अंजिराच्या नावांचा सुकाळ आहे. अमेरिकेतल्या आयरा काँडिट या संशोधकानं १९५५ साली अंजिराच्या वाणांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात सहाशेहून अधिक वाणांची वर्णनं आहेत. एकाच वाणाला दहा नावं आणि एकाच नावाखाली दोन वाण, असा तो गोंधळ. 'ब्राऊन टर्की'चंच घ्या. इंग्लंडात या नावानं ओळखलं जाणारं झाड आणि कॅलिफोर्नियात या नावानं विकलं जाणारं झाड एक नव्हे. मग आपल्या रोपवाटिकेतल्या चिठ्ठीवरचं यांपैकी कोणतं? म्हणून नावाकडे पत्त्यासारखं पाहावं. शोधायला उपयोगी, पण घर बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

आपल्याकडचा पहिला मान पुना अंजिराचा. पुरंदरच्या डोंगरउतारावर, मुरमाड आणि चुनखडीच्या जमिनीत ते पिढ्यानपिढ्या पिकत आलं आहे. 'पुरंदर अंजीर' या नावानं त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. मध्यम आकार, जांभळट तांबूस पातळ साल, गुलाबी लालसर गर. पातळ साल हा व्यापाऱ्याच्या दृष्टीनं दोष. दोन दिवसांत फळ मऊ पडतं. पण घरी खाणाऱ्याच्या दृष्टीनं तोच गुण. झाडापासून ताटलीपर्यंतचा प्रवास वीस पावलांचा असेल, तर जाड साल कशाला हवी? पुरंदर तालुक्यातच जाधववाडीला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं अंजीर आणि सीताफळ संशोधनाचं केंद्र आहे. 'फुले राजेवाडी' हा वाण तिथला. मराठवाड्यात राहणाऱ्यांसाठी 'दिनकर' आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या दौलताबादचं अंजीर पूर्वीपासून प्रसिद्ध. त्यातून परभणीच्या कृषी विद्यापीठानं उत्पन्न आणि प्रत पाहून हा वाण निवडला.

बाहेरून आलेल्यांत 'कोनाड्रिया' आणि 'डायना' ही दोन नावं लक्षात ठेवण्याजोगी. दोन्ही साध्या गटातली, दोन्ही कॅलिफोर्नियातल्या पैदाशीची. यांची साल पिकल्यावरही हिरवट पिवळी राहते, त्यामुळे नवख्या माणसाला फळ कच्चं वाटतं आणि ते झाडावरच राहून जातं. कोनाड्रियाचा डोळा लहान असल्यामुळे फळ आतून आंबण्याचं प्रमाण कमी. डायनाचं फळ मोठं. कर्नाटकात बळ्ळारीकडे याच्या बागा आहेत आणि ते सुकवायलाही चांगलं. 'ब्राऊन टर्की' म्हणून मिळणारं झाड सहसा काटक असतं, कुंडीतही तग धरतं आणि लवकर फळतं. चवीला मात्र मी खाल्लेली फळं मध्यम वाटली. ज्याच्याकडे फक्त गच्ची आहे, त्यानं ते लावायला हरकत नाही.

पण वाणाच्या नावापेक्षा मोठी गोष्ट सांगायची राहिली. ती म्हणजे 'भरपूर उत्पन्न' याचा घरच्या बागेतला अर्थ. शेतकऱ्याला किलोत उत्पन्न हवं असतं आणि ते बाजारभाव असेल तेव्हा हवं असतं. घरच्या माणसाला काय हवं? आठ दिवसांत एकदम दहा किलो अंजीर आलं तर पहिल्या दिवशी आपण खातो, दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना देतो, तिसऱ्या दिवशी शेजारी दार उघडत नाहीत. उरलेलं वटवाघळं आणि मुंग्या खातात. त्यापेक्षा दीड-दोन महिने रोज पाच-सात फळं देणारं झाड मला जास्त उत्पन्नाचं वाटतं. घरच्या झाडाचं उत्पन्न किलोत मोजू नये, दिवसांत मोजावं. अंजिराचा मोठा गुण असा, की वाढत्या फांदीवर पानागणिक फळ धरतं आणि खालून वर क्रमानं पिकत जातं. हा क्रम काही झाडांत लांबतो, काहींत आवरतो. म्हणून फळ चाखाल तेव्हा झाडाच्या मालकाला विचारा, "किती दिवस खाता?" किती किलो निघतं हे विचारू नका.

दुसरी गोष्ट बहराची. अंजिराला आपल्याकडे दोन बहर. पावसाळ्यात पिकतो तो खट्टा आणि उन्हाळ्यात, साधारण मार्च ते मे या काळात पिकतो तो मीठा. छाटणीचा आणि पाण्याचा हिशेब बदलून बागाईतदार खट्टा बहर पुढे थंडीच्या दिवसांतही नेतात. पण चवीची पारख करायची ती मीठा बहरातच. पावसात पिकलेलं फळ पाणचट लागतं, तडकतं, आंबतं. त्यावरून झाड वाईट ठरवू नका. आणि उलटही खरं. उन्हाळ्यात गोड लागलेलं झाड तुमच्याकडे पावसात तसंच गोड फळ देईल, अशी अपेक्षा धरू नका. घरच्यासाठी मीठा बहर धरावा आणि खट्टा बहर पाखरांचा समजावा.

आता चाखायचं कसं? फळ झाडावरून उतरवलेलं हवं. अंजीर काढल्यावर मऊ पडतं, पण आंब्यासारखं आढीत गोड होत नाही. म्हणून बाजारातलं लवकर काढलेलं फळ खाऊन वाणाची परीक्षा करणं म्हणजे कैरी खाऊन हापूसला नावं ठेवण्यासारखं आहे. पिकलेलं फळ ओळखायची खूण रंग नव्हे. मान पाहा. कच्चं अंजीर ताठ उभं असतं. पिकलं की मानेत वाकतं, खाली लोंबतं. सालीवर बारीक पांढरट चिरा दिसतात. कधीकधी डोळ्यावर मधासारखा थेंब येतो. देठ सहज सुटतो आणि चीक जवळजवळ येत नाही. पांढरा चीक वाहिला तर ते फळ कच्चं होतं, एवढं नक्की. तो चीक अंगाला लागला तर आग होते. मुलांना तोडायला पाठवू नका.

फळ हातात आलं की आधी डोळा पाहा. डोळा मोठा, उघडा असेल तर मुंग्या आणि बारीक किडे आत शिरतात, पावसाचं पाणी जातं आणि फळ आतून आंबतं. मुंबई, कोकण, गोवा अशा दमट हवेत राहणाऱ्यांनी तर घट्ट डोळ्याचंच झाड निवडावं, तेही शक्यतो मोठ्या कुंडीत लावावं, म्हणजे पावसाळ्यात पडवीच्या आडोशाला सरकवता येतं. कुंडी दीड फुटांहून लहान नको आणि तळाला पाणी निघून जायला हवं. विदर्भात पारा चाळिशीच्या पुढे गेला की फळं घाईनं पिकतात आणि चव उतरते; तिथं दुपारची सावली मिळेल अशी जागा पाहावी.

मग पानं उलटून पाहा. मागच्या बाजूला गंजासारखी तांबूस भुकटी दिसली तर तो तांबेरा. तो सगळीकडे कमी-जास्त येतो, विशेषतः ओल्या हवेत. पण शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन झाडांपैकी एक उघडं पडलंय आणि दुसरं पानांनी भरलंय, असं दिसलं तर भरलेल्याकडे लक्ष द्या. पानं अवेळी गळाली की फळांना साखर कुठून मिळणार? घरी तांबेऱ्याची पानं वेचून नष्ट करावीत, झाड आतून मोकळं ठेवावं. गरज पडली तर फळं नसताना एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावं.

फळ आवडलं, मालक म्हणाला दोन महिने खातो, डोळा घट्ट आहे, पानं टिकून आहेत, की निवड संपली. तिथंच काडी मागा. पावसाळा संपता संपता मीठा बहरासाठी छाटणी होते, तेव्हा काड्यांचा ढीग बांधावर पडलेला असतो. कुणी नाही म्हणत नाही. मागच्या वर्षीची, पिकलेली, बोटाएवढ्या जाडीची, वीतभर काडी घ्यावी. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली द्यावा. दोन-तृतीयांश काडी मातीत, एखाद-दोन डोळे वर. सावलीत ठेवावी, माती ओलसर हवी, चिखल नको. मुळं फुटायला दीड-दोन महिने लागतात. त्या काळात उपटून पाहायचा मोह आवरावा. आणखी एक: मुळासकट रोप आणण्यापेक्षा नुसती काडी आणणं बरं. अंजिराच्या मुळांना सूत्रकृमींचा त्रास होतो आणि जुन्या मातीबरोबर ते आपल्या अंगणात येतात.

जागा उन्हाची आणि निचऱ्याची हवी. चिकण काळी माती असेल तर खड्ड्यात मुरूम मिसळावा. फळ नव्या फुटीवर येतं, म्हणून दरवर्षी थोडी छाटणी हवी. फांदी लांब सुळकी वाढून बाजूचे डोळे निजलेले असतील, तर आपल्याकडचे जुने बागाईतदार खाच पाडतात: निजलेल्या डोळ्याच्या जरा वर सालीचा इंचभर तिरका काप काढतात. त्यामुळे तो डोळा फुटतो आणि नवी फांदी, पर्यायानं नवं फळ मिळतं. छोट्या झाडाचं उत्पन्न वाढवायला याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. आणि फळं रंगू लागली की झाडावर जाळी टाका. बुलबुलाला पिकलेलं अंजीर आपल्या आधी कळतं.

काडीची ही रीत किती जुनी असावी? इस्रायलमधल्या संशोधकांनी २००६ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. जॉर्डनच्या खोऱ्यात गिलगाल नावाच्या ठिकाणी अकरा हजार वर्षांहून जुनी, जळून कोळसा झालेली काही अंजिरं सापडली. त्यांचं बी पोकळ होतं. त्यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला, की चिलटांशिवाय पिकणारं हे झाड माणसानं हेरलं असावं आणि त्याच्या काड्या लावल्या असाव्यात. म्हणजे गहू-जवाच्या शेतीच्याही आधी अंजिराची लागवड झाली असावी. यावर इतर तज्ज्ञांनी शंका घेतल्या, वाद झाला. पण एक चित्र मला फार पटतं. कुणीतरी रानातल्या एका झाडाचं फळ खाल्लं, ते आवडलं, आणि त्यानं त्याच झाडाची काडी मोडून घराजवळ खोचली. त्या झाडाला नाव नव्हतं. निवड करायला नाव लागलंच नव्हतं.

२०१५ च्या दिवाळीच्या सुमारास मी ते तुर्की झाड तोडलं आणि अण्णांना घेऊन त्यांच्या गावी गेले. विहिरीवरचं मूळ झाड केव्हाच वठलं होतं. पण त्याचीच काडी चुलतभावानं कधीतरी बांधावर लावली होती आणि ते झाड उभं होतं. अण्णांची नजर अधू झाली होती. त्यांनी फांदी हातानं चाचपून पाहिली, पान चुरगळून वास घेतला आणि म्हणाले, "हेच." आम्ही पाच काड्या आणल्या. तीन जगल्या, त्यांतली एक पुढच्या पावसाळ्यात जागेवर लावली.

२०१८ च्या मार्चमध्ये तिला अकरा फळं धरली आणि एकही गळालं नाही. पहिलं फळ जांभळं झालेलं पाहून मला राहवलं नाही. तोडलं, धुतलं, ताटलीत घालून अण्णांपुढे ठेवलं. ते तेव्हा एकोणनव्वद वर्षांचे होते. त्यांनी फळ बोटांनी दाबलं, दोन भाग केले, सावकाश खाल्लं. मी वाट पाहत होते. म्हणाले, "घाई केलीस. अजून एक दिवस झाडावर हवं होतं."

उरलेली दहा मी त्यांना विचारूनच तोडली. ते रोज झाडापाशी जाऊन फळाची मान बोटानं उचलून पाहायचे आणि आज की उद्या ते सांगायचे. पुढच्या मीठा बहराला ते नव्हते.

श्रोतेहो, चुकीच्या जातीच्या रोपाची किंमत त्याच्यावरच्या चिठ्ठीवर लिहिलेली नसते. रोपाचे पैसे फार नसतात. गेलेली वर्षं परत मिळत नाहीत, आणि घरात कुणी वाट पाहणारं म्हातारं माणूस असेल तर मुळीच नाही. म्हणून येत्या उन्हाळ्यात एखाद्या सकाळी अंजिराच्या गावाला जा. चार झाडांची फळं खा. जे आवडेल त्याच्या मालकाचा पत्ता लिहून घ्या आणि छाटणीच्या वेळी परत जा. काडी फुकट मिळेल. घरातलं कुणी जाणतं असेल तर त्यांनाही गाडीत बरोबर घ्या.